विकतच्यासारखे झालेत!

"अनारसे कुठून आणलेस गं?" शेजारच्या काकूंनी तुकडा तोंडात टाकायच्या आधीच आईला विचारलं, म्हणजे चव नंतर, दुकानाचं नाव आधी.

भाचीनं लाकडी पाटावर फराळ मांडलेला, हल्ली इन्स्टावर असतो ना तसा, मधे चिवड्याची वाटी, भोवती चकल्या, कडबोळी, शंकरपाळे, कडेला करंज्या. द्राक्षं पण ठेवणार होती, म्हटलं नको बाई, ओलसर कशाजवळ चकली मऊ पडते.

बाकी बरंचसं विकतचं, पण अनारसे आईचे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून दमट असतानाच दळायचे, गूळ घालून पीठ मुरवत ठेवायचं आणि तळताना खसखशीची बाजू वर, उलटायचं नाही, एवढं करूनही अनारसा तुपात हसला, म्हणजे फुटून पसरला, की गेलंच सगळं.

आई एवढंच म्हणाली, "घरचेच आहेत."

"काय सांगतेस! अगदी विकतच्यासारखे झालेत!"

कौतुकच होतं हो ते, आईला आवडलं पण. मलाच रात्रीपर्यंत खटकत राहिलं. विकत आणण्यात काही वाईट नाही, आम्हीही आणतोच, नोकरी करून भाजणी कोण भाजत बसणार. पण आधी विकतच्या चकलीला "घरच्यासारखी" म्हणायचे ना? हे उलटं कधी झालं?