चार हात जमीन

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातनं निघायला सात वाजले. पंढरीची वारी एकदा केलेली, त्यामुळे मी पहाटे चारलाच बूट चढवून तयार. शेजारच्या जैन भाभी हसल्या, "अंधेरे में महाराज कैसे चलेंगे? पैरों के नीचे दिखना तो चाहिए।"

ग्वाल्हेर ते सोनागिर हे जैन तीर्थ, साठेक किलोमीटर. पुढे दोन दिगंबर मुनी, मागे आम्ही पंचवीसेक माणसं, त्यात मराठी मी एकटी. टाळ नाही, मृदंग नाही. तासाभरात मला करमेना. मग महाराजांच्या चालण्याकडे बघायला लागले. नजर पावलापुढच्या चार हात जमिनीवर, तिथून हलत नाही. याला ईर्यासमिती म्हणतात. मुंग्यांची रांग आडवी आली की उचललेला पाय तसाच थांबायचा, मग पलीकडे पडायचा. बसायच्या आधी मोरपिसांच्या पिच्छीनं जागा हलकेच झाडायची. अंगावर सूत नाही, आणि महिना जानेवारीचा. माझ्या पिशवीत जादाचा स्वेटर होता आणि डब्यात लसणाची चटणी. चटणी पहिल्याच मुक्कामाला गुपचूप बांधून ठेवली; लसूण जमिनीखालचा.

महावीरांनी जैन धर्म काढला असं मी धरून चालले होते. भाभींनी तेही तिथंच खोडलं. महावीर चोविसावे तीर्थंकर. तिसाव्या वर्षी घर सोडलं, साडेबारा वर्षं तप, परंपरेप्रमाणे इ. स. पू. 527 मध्ये पावापुरीला निर्वाण. त्यांच्या अडीचशे वर्षं आधी पार्श्वनाथ, आणि सगळ्यांत पहिले ऋषभदेव म्हणजे आदिनाथ. आमच्या किल्ल्याच्या कड्यात तोमर राजांच्या काळी, पंधराव्या शतकात कोरलेल्या मूर्ती मी लहानपणापासून बघते. त्या फोडायचा हुकूम आपण दिला, असं बाबरानंच लिहून ठेवलंय. पण उरवाईच्या वाटेवरची ती सगळ्यांत उंच मूर्ती आदिनाथांची, हे मला पन्नाशीत कळावं!

कर्माचंही तसंच. माझ्या डोक्यात पाप-पुण्याची खातेवही. भाभींच्या हिशेबी कर्म ही चक्क बारीक धूळ, राग-लोभानं ओल्या झालेल्या जिवाला चिकटणारी. नवी येऊ द्यायची नाही तो संवर, जुनी झडते ती निर्जरा.

तिसऱ्या दिवशी डबऱ्याच्या अलीकडे आहार होता. दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत; पाणीही तेव्हाच. मी लांबून बघत होते. चार-पाच घास झाले असतील. भाभींनी वरण-भाताचा घास ठेवला, महाराजांनी अंगठ्यानं तो चाचपला, आणि ओंजळ सुटली. केस निघाला होता. अंतराय, म्हणजे आहारात विघ्न. आता अन्न-पाणी उद्याच. कुणी आग्रह केला नाही, कुणी 'अरेरे' म्हणालं नाही. भाभी मात्र चुलीकडे तोंड करून रडत होत्या. आणि दुपारी महाराज तेवढेच चालले, तीच चाल, तीच चार हात जमीन. मला राग आला होता, कुणावर ते सांगता येणार नाही.

सिंध नदी ओलांडली आणि चौथ्या दिवशी सोनागिर. डोंगरावर पांढरीशुभ्र 77 मंदिरं, मुख्य मंदिर आठव्या तीर्थंकरांचं, चंद्रप्रभूंचं. बूट खालीच काढले. वर पोचल्यावर सवयीनं हात जोडून मुलाच्या नोकरीचं मागायला लागले. भाभींनी कोपरानं ढोसलं. "ये कुछ देते-लेते नहीं। मांगना हो तो अपने विठोबा से मांग लेना।"

आषाढ शुद्ध दशमीला टीव्हीवर पालख्या पंढरपुरात शिरत होत्या. भाभी वाटी परत द्यायला आल्या. महाराज चौदसला चातुर्मासाला बसणार, म्हणाल्या. आता चार महिने विहार, म्हणजे गावोगावचं चालणं, बंद. पावसात पावलाखाली काय काय उगवतं, वळवळतं, त्यावर पाय कसा द्यायचा? पडद्यावर हजारो पाय चिखल तुडवत चालले होते. भाभी दारातच उभ्या राहून बघत होत्या. मग आत येऊन बसल्या.

"आवाज़ थोड़ी बढ़ाओ ना," म्हणाल्या.