पाच इंची क्वाड, पावसाळ्यानंतरची नोंद: स्पॉटरचे चार शब्द

पावसाळाभर बेंचवर पडून असलेलं पाच इंची क्वाड, म्हणजे पाच इंची पात्यांचा चार मोटरचा ड्रोन, गणपती उठल्यावर एकदाचं बाहेर काढलं. फ्रेम आणि सोल्डरिंगवर मागच्या नोंदीत पुरेसं लिहून झालंय, त्यामुळे बिल्डबद्दल यंदा सांगण्यासारखं फार नाही. मोटर त्याच, स्टॅक (आतले इलेक्ट्रॉनिक बोर्ड) तोच, कॅमेऱ्याची काच तेवढी बदलली. जे पुढे सरकलं ते उडवण्याच्या आजूबाजूचं: कुठे उडवायचं, किती उंच, कोणाला सांगून, आणि माझ्या डोळ्यांवर क्वाडच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारे गॉगल्स असताना आकाशाकडे कोणी बघायचं, म्हणजे स्पॉटर कोण.

आधी वजन, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सहा सेलची १३०० एमएएच बॅटरी आणि वरचा ॲक्शन कॅमेरा धरून क्वाड पाऊण किलोच्या आत भरतं. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत वर्गवारी होते ती उडताना असलेल्या एकूण वजनावर, म्हणजे बॅटरी आणि कॅमेऱ्यासकट. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याच्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. घरात पंख्याखाली फिरवतो तो पासष्ट मिलिमीटरचा वूप, म्हणजे पात्यांभोवती कडी असलेला चिमुकला ड्रोन, नॅनो आणि हे क्वाड मायक्रो. वूप उडवताना लागलेल्या सवयी इथे चालत नाहीत. नियम बाजूला ठेवले तरी पाच इंची पात्यांनी बोटाचं काय होतं ते एकदा कोणाचं तरी बघितलेलं असतंच.

कागदांबद्दल नव्या मंडळींचा नेहमी होणारा घोळ सांगतो. मायक्रो ड्रोन हौसेखातर उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. यातलं ‘हौसेखातर’ महत्त्वाचं. मित्राच्या लग्नात पैसे घेऊन शूटिंग केलं की हौस संपली आणि सर्टिफिकेट आलं. घरी बांधलेलं, २५ किलोपर्यंतचं आणि शिक्षण, प्रयोग किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचं यान नियमांच्या भाषेत ‘मॉडेल’ ठरतं, आणि त्याला टाइप सर्टिफिकेटची, म्हणजे ड्रोनच्या बनावटीला मिळणाऱ्या मंजुरीची, सक्ती नाही. इथपर्यंत ऐकून बरेच जण खूश होऊन उठतात. पण टाइप सर्टिफिकेट नको म्हणजे नोंदणी नको असं नाही. युआयएन, म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक, वेगळा, त्याचा अर्ज डी-२, शुल्क १०० रुपये. थर्ड पार्टी विम्यातून सुटका फक्त नॅनोची. नियम मोडले तर दंड १ लाखापर्यंत. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी बाहेर काढला, त्यातली शिक्षेची भाषा याहून बरीच कडक आहे. तेव्हा आत्ता जे सैल वाटतंय ते तसंच राहील या भरवशावर कोणी राहू नये.

आपण हौशी मंडळी ड्रोन घरी बांधण्याकडे वळलो त्याचं एक कारणही या कागदांतच आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद झाली. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन एवढेच अपवाद. सुटे भाग मात्र येऊ शकतात. त्यामुळे ज्याच्या हातात सोल्डरिंग गन आहे त्याचं फारसं अडलं नाही. ज्याला डबा फोडून उडवायचं होतं तो अडकला.

आता रेडिओ. आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येणारा कमी फ्रिक्वेन्सीचा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. बाजारात मिळणारे बरेच रिसीव्हर आणि मॉड्यूल ९१५ किंवा ८६८ वर लावलेले येतात. रिमोट आणि रिसीव्हर जोडणाऱ्या एक्सप्रेसएलआरएस या प्रणालीत ‘आयएन ८६६’ असा स्वतंत्र पर्याय आहे, फर्मवेअर भरताना तो निवडायचा. मी या भानगडीत न पडता २.४ गिगाहर्ट्झवरच आहे. ज्या अंतरात मला उडवायचंय त्याला ते पुरून उरतं, आणि त्याहून लांब गेलं तर ते नजरेच्या टप्प्यात कुठलं!

पावसाळ्यातलं खरं काम म्हणजे फेलसेफ, रिमोटचा सिग्नल तुटला की क्वाडने काय करायचं ते. बीटाफ्लाइट या क्वाडच्या फर्मवेअरमध्ये टिक मारून ठेवणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. माझी पद्धत अशी: पाती काढायची. पाती काढली आहेत हे पुन्हा एकदा बघायचं. क्वाड बेंचला पट्ट्याने बांधायचं, बॅटरी लावायची, आर्म करून (मोटरना फिरायची मोकळीक देऊन) थ्रॉटल थोडा वर घ्यायचा आणि रिमोट बंद करायचा. मोटर काही क्षण तशाच गुणगुणतात, मग एकदम गप्प होतात. ते काही क्षण मोजण्यासारखे आहेत, कारण हवेत तेवढ्यात क्वाड बरंच अंतर कापतं. मोटर थांबल्याच नाहीत, तर रिसीव्हर सिग्नल गेल्यावरही शेवटचा आकडा पाठवत बसलाय. ते दुरुस्त होईपर्यंत पात्यांना हात लावायचा नाही.

त्यावर जीपीएस रेस्क्यू, म्हणजे सिग्नल गेला की क्वाडने आपणहून घरी परत यायचं. इथे दोन सेटिंग जपून बघावी लागतात. एक, उपग्रह पुरेसे मिळण्याआधी आर्म होऊ द्यायचं नाही, कारण ‘घर’ कुठे आहे हे क्वाड आर्म होताना ठरवतं. दुसरं, परतीची उंची. आपोआप येणारा ३० मीटरचा आकडा मैदानात ठीक आहे. पण आमच्या उडवायच्या जागेजवळ जुनी चिंच आहे आणि पलीकडे उच्चदाबाचे मनोरे गेलेत, म्हणून मी तो वाढवला. ओएसडीवर, म्हणजे गॉगल्समधल्या चित्रावर उमटणाऱ्या आकड्यांत, उंचीचा अलार्म १०० मीटरला ठेवलाय. ग्रीन झोनमध्ये (नकाशावरच्या, परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या हिरव्या भागात) ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत मुभा आहे, पण क्वाडचा बॅरोमीटर जिथून उडालो तिथून उंची मोजतो, पायाखालच्या जमिनीपासून नाही. टेकडीच्या कडेवरून दरीकडे गेलात की आकडा तोच राहतो आणि जमीन खाली जाते. ते वीस मीटर त्यासाठी राखलेत.

जागेचा प्रश्न पुण्यात राहणाऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको. झोनच्या नकाशावर शहर उघडलं की परवानगीशिवाय उडवता न येणारं लाल आणि पिवळं बघूनच हौस निम्मी होते. विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत लाल, ८ पर्यंत पिवळं, ८ ते १२ मध्ये फक्त २०० फुटांपर्यंत हिरवं. त्यात लोहगावला हवाई दल, खडकवासल्याला एनडीए, खडकीला दारूगोळ्याचा कारखाना. वेताळ टेकडीवर सकाळी कोणी नसतं म्हणून उडवू, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. टेकडीच्या पलीकडे पाषाणला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत. तिथे ‘कोणी नसतं’ हा काही निकष नाही.

गडांचंही तसंच. लोहगड, शिवनेरी, रायगड भारतीय पुरातत्त्व विभागाकडे, राजगड, प्रतापगड, साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठा लष्करी स्थापत्य गेल्यापासून या गडांवरची वर्दळ आणि लक्ष दोन्ही वाढलंय. लेखी परवानगी हातात नसेल तर क्वाड गाडीतच राहू द्यावं. कामशेतच्या बाजूलाही मी फिरकत नाही. तिथे पॅराग्लायडरवाले असतात, आणि माणूस बसलेल्या कापडाच्या वाटेत आपण असण्याला काही सबब नसते.

शेवटी शिरूर तालुक्यातलं मामांचं शेत. नकाशात हिरवं, तरी दर वेळी निघण्याआधी बघतो, कारण हिरवं कायम हिरवं नसतं. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतो. शिवाय सण, सभा, बंदोबस्ताच्या काळात पोलिसांचे मनाईचे आदेश निघतात ते वेगळे. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव असताना मुंबईत असाच आदेश निघाला होता.

गावात मात्र नकाशापेक्षा मोठी गोष्ट निघाली ती गाव. २०२४ च्या पावसाळ्यात शिरूर, दौंडपासून थेट बीड-जालन्यापर्यंत रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, या चर्चेने लोकांनी रात्री जागून काढल्या होत्या. त्यामुळे मामांनी पहिल्यांदा काय केलं, तर मला पोलीस पाटलांकडे नेलं. पाटलांनी क्वाड हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

‘‘पावनं, रातीचं फिरतंय म्हनत्यात त्ये ह्येच का?’’

‘‘नाही पाटील, हे पाच-सहा मिनिटांत खाली येतं. आणि मी दिवसाच उडवतो.’’

‘‘पाच मिन्टं? मग एवढा खर्च कशापायी केला?’’

याला उत्तर नव्हतं. घरच्यांनाही हाच प्रश्न पडलेला आहे. पण त्यांनी नंबर घेतला आणि उडवायच्या आदल्या दिवशी फोन करा म्हणाले. तेव्हापासून तो फोन माझ्या तयारीचा भाग झालाय, बॅटऱ्या चार्ज करण्याच्याही आधीचा. शेजारच्या वस्तीवरही सांगतो. कुणाच्या अंगणावरून, गोठ्यावरून जायचं नाही हे माझं मीच ठरवलंय. कॅमेरा बंद असला तरी खालच्या बाईला ते कसं कळणार?

आता स्पॉटर. ‘मॉडेल’ची व्याख्याच नजरेच्या टप्प्यात उडवण्यावर उभी आहे, आणि गॉगल्स घातलेल्या माणसाची नजर कुठे असते हे आपल्याला माहीत आहे. मी त्याचा अर्थ कडक लावलाय. गॉगल्स काढले की क्वाड मला लगेच दिसलं पाहिजे, आणि ते घातलेले असताना दुसऱ्या कोणाच्या तरी उघड्या डोळ्यांना ते सतत दिसत राहिलं पाहिजे. दोनशे मीटरवर पाच इंची क्वाड म्हणजे नुसता ठिपका. मागे नारिंगी पट्ट्या आणि एलईडी लावल्याने थोडा फरक पडला, पण तेवढाच.

स्पॉटर आमचा मामेभाऊ, बारावीतला. सुरुवातीला तो ‘‘दादा, जरा तिकडं... नाही नाही, अलीकडं’’ असं सांगायचा आणि मी गॉगल्सच्या आत चाचपडत असायचो. मग आम्ही शब्द ठरवले. ‘वायर’, ‘माणूस’, ‘घार’ आणि ‘उतर’. एवढे चारच. पहिल्या तीन शब्दांमागे जागा जोडायची, आणि जागाही ठरलेल्या: विहीर, चिंच, डीपी, कांद्याची चाळ. ‘‘माणूस, चाळ’’ ऐकलं की मी विचारत नाही कोण, किती लांब, वळतो. ‘उतर’ला जागा नसते आणि प्रश्नही नसतो. जिथे आहे तिथे मोकळं रान बघून खाली.

यातला ‘वायर’ सगळ्यात जास्त कामाचा. ॲनालॉग गॉगल्समध्ये डीपीचा खांब दिसतो, रोहित्र दिसतं, पण दोन खांबांमधली तार दिसत नाही. उन्हाच्या विरुद्ध दिशेला तर खांबही धूसर. म्हणून मी खांब दिसला की तार आहेच असं धरतो आणि खांबांच्या रेषेपलीकडे जातच नाही. तरी स्पॉटर ओरडतो. ओरडू द्यावं.

‘घार’ आधी गमतीत घेतला होता. थंडीत सकाळी दहानंतर हवा तापली की घारी वर चढतात, आणि क्वाड हे त्यांच्या हद्दीत शिरलेलं काहीतरी असतं. नोव्हेंबरात एक घार सरळ मागे लागली. गॉगल्समध्ये मला काहीच कळलं नाही, कारण ती वरून मागून येत होती. ‘‘घार, विहीर!’’ ऐकून मी थ्रॉटल सोडला आणि ती वरून निघून गेली. विणीच्या दिवसांत घरट्याजवळ उडवूच नये. आता आम्ही सकाळी लवकर उरकतो. वाराही कमी असतो.

दुसरी भीती उसाची. क्वाड उसात पडलं तर चार फुटांवरून दिसत नाही, आणि या भागात ऊस म्हणजे बिबट्याचं घर. म्हणून तोडणी होईपर्यंत उसावरून उड्डाण नाही, आणि तरी पडलंच तर आत एकट्याने शिरायचं नाही. स्वतःची छोटी बॅटरी असलेला बझर लावलाय, मुख्य बॅटरी तुटून पडली तरी तो वाजत राहतो. मामांनी मात्र बजावून सांगितलंय की तुझ्या यंत्रासाठी कोणी उसात जाणार नाही, ते तिथेच राहील.

बॅटऱ्यांचं थोडक्यात: सेलमागे साडेतीन व्होल्टला उतरायला लागतो, घरी आल्यावर ३.८ ला आणून ठेवतो. एक पॅक फुगला होता, तो निकालात काढला. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळ्यांच्या डिकीत एक पॅक असतोच.

संक्रांतीच्या आठवड्यात क्वाड बंद. बंदी असूनही नायलॉन मांजा सगळीकडे असतो, आणि तो मोटरच्या फिरत्या टोपणात शिरला की बेअरिंगपर्यंत जातो. तो चिमट्याने उकलत बसण्यापेक्षा ते दिवस बेंचवर काढलेले बरे. या फावल्या वेळात दोन कामं घेतलीत. थर्ड पार्टी विम्याची चौकशी पूर्ण करायची. फोनवर ‘घरी बांधलेलं’ म्हटलं की पलीकडचा माणूस होल्डवर टाकतो, त्यामुळे आता सगळे भाग आणि वजन लिहून मेल पाठवलाय. आणि मामेभावासाठी दुसरा गॉगल्स संच जुळवतोय. तो घालून बघायला मिळेल म्हणून तो खूश आहे. त्याची बारावीची परीक्षा झाल्यावर आधी त्याच्या हातात वूप देणार. तोपर्यंत रविवारी स्पॉटर म्हणून मामा उभे राहतील. त्यांनी चार शब्दांत पाचवा घातलाय, ‘बास’, आणि त्यांचा अंदाज असा की तोच जास्त लागेल.