माळवदाचं घर, आताचा गोठा: माजघर आणि माळवद मोजून झालं

मागच्या नोंदीत दरवाजा, ढाळज (दरवाजाच्या आत दोन्ही अंगांची ओट्याची जागा) आणि चौक एवढं कागदावर आलं होतं. या खेपेला ओसरी, माजघर आणि बळद (धान्याची कोठी) मोजून झाली, माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चढून वरचंही रेखाटन घेतलं. पन्नासास एक प्रमाणातला तळनकाशा पुरा झालाय, उभा छेद निम्मा. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो: घर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका गावात आहे. तोंड पूर्वेला, भिंती काळ्या दगडाच्या मातीत बांधलेल्या, वर मातीचं माळवद. १९९३ पर्यंत इथे शेतकऱ्याचं मोठं कुटुंब नांदत होतं. आता म्हशी, बैल आणि कडबा.

जुनं घर गोठा झालं म्हटलं की आपण समजतो, आधी माणसं होती, मग जनावरं आली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घराला हे लागू पडत नाही. इथे जनावरं पहिल्या दिवसापासून होती. दरवाजातून आत शिरलं की डाव्या हाताची ढाळज बसाउठायची, उंच ओट्याची. उजव्या हाताची तिच्यापेक्षा हातभर खाली, दगडी फरसबंदीची, आणि तिला बाहेरच्या सांडपाण्याच्या नाळीकडे स्पष्ट उतार. भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर आरपार भोक पाडलेले दगड बसवलेत, दावं बांधायला. त्यांच्या कडा दोरानं घासून काचेसारख्या गुळगुळीत झाल्यात. हा मूळ गोठा. नवा गोठा माजघरात आहे. तिथे खुंटे लोखंडी, गव्हाण सिमेंटमध्ये बांधलेली आणि जमिनीला उतार मागाहून दिलेला. म्हणजे गोठा घरात आला नाही, तो ढाळजेतून चौक ओलांडून आत सरकला. नकाशावर मी दोन्ही गोठ्यांना वेगळे रंग दिलेत. असं केल्याशिवाय थर सुटे होत नाहीत.

यावेळचं सगळ्यात मोलाचं सापडलं ते माजघरात. मूळचं माजघर तीन खणांचं (खण म्हणजे चार खांबांमधली जागा), आणि त्यातला एक खण भिंत घालून देवघर-स्वयंपाकघरासाठी तोडलेला. म्हशींना वळायला जागा हवी म्हणून ती मधली भिंत नंतर काढून टाकली. भिंत गेली, वरचं माळवद जागच्या जागी राहिलं. कारण तिच्या पोटात खांब होते.

घर खणांवर उभं आहे हे आपण सगळेच म्हणतो, पण इथे ते उघडं दिसतं. ओसरीचे दर्शनी खांब सागवानी, तासलेले, खाली घडीव उथळं (खांबाखालचे दगड) आणि वर तुळईखाली नक्षीचा आडवा तुकडा. भिंतीत दडलेले खांब मात्र बाभळीचे, ओबडधोबड, काही ठिकाणी झाडाची सालही तशीच. जे दिसणार नाही त्यावर सुतारानं रंधा चालवलेला नाही. पूर्वी भिंतीत असलेला भाग आणि मोकळा भाग यांच्यामधली मातीची रेघ अजून खांबावर आहे, त्यामुळे गेलेल्या भिंतीची उंचीही मिळाली. जोड सगळे साल-कुसूचे, म्हणजे एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं टोक बसवलेले, लोखंडी खिळा कुठेच नाही. माजघरातल्या एका तुळईच्या बगलेला जोडाच्या दोन रिकाम्या खाचा आहेत, ज्यांचा या घरातल्या कुठल्याच खांबाशी मेळ बसत नाही. ती तुळई आधीच्या कुठल्या तरी घरातून आलेली आहे. लाकूड महाग आणि सागवान तर लांबून आणायचं, म्हणून जुन्या घरातली तुळई नव्या घरात जायची हे रीतीला धरूनच आहे.

काढलेल्या भिंतीचं टोक तसंच तुटक सोडलंय, आणि माझ्यासारख्याला ते सोन्याहून पिवळं. दगडी भिंतीचा छेद एरवी बघायचा तर घर पाडावं लागतं. जाडी ८२ सेंटीमीटर. बाहेरचा चेहरा नीट लावलेल्या दगडांचा, आतला चेहराही तसाच, आणि दोन्हींच्या मध्ये माती, चिपा, गोटे यांचं भरण. जमिनीपासून माळवदापर्यंत दोन्ही चेहऱ्यांना बांधणारा एकही आरपार दगड नाही. बाहेरून एक भासणारी भिंत खरं तर दोन पातळ भिंती आहेत आणि मध्ये सुटी माती.

इथे किल्लारीच्या भूकंपाबद्दल बोलावंच लागतं, कारण हे घर गोठा झालं ते त्याच्यामुळे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्री. साधारण ६.२ तीव्रतेचा धक्का. जगाच्या मानानं अजस्र म्हणावा असा नव्हता, तरी हजारो माणसं गेली, आणि त्याचं मोठं कारण हीच भिंत आणि हेच माळवद. धक्क्यानं मधलं भरण खाली दबतं, दोन्ही चेहरे बाहेर फुगतात आणि कोसळतात. माळवद नुसत्या भिंतींवर टेकलेलं असेल तर भिंतीबरोबर ते झोपलेल्या माणसांवर येतं. जिथे लाकडी खांबांचा सांगाडा धड होता तिथे बऱ्याच घरांच्या भिंती पडूनही माळवद वरच राहिलं. या घरात तसंच झालं. घरातले आजोबा सांगतात, पश्चिमेच्या भिंतीचा बाहेरचा चेहरा गल्लीत उतरला, आतला राहिला, वरून फक्त धूळ आणि किलचांचे (छतातल्या लाकडी चिपांचे) तुकडे पडले. माणसं सगळी वाचली. पण त्या रात्रीनंतर या छताखाली कोणी झोपलं नाही.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. हे गाव त्यात नव्हतं. इथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजना आली, आणि या कुटुंबानं जुन्या घराला हात लावण्याऐवजी शेतालगत विटांची, पत्र्याची नवी खोली बांधली. दाराच्या चौकटीवरची गणेशपट्टी तेवढी काढून नव्या दाराला बसवली. जुन्या दारावर तिची रिकामी खाच आहे, मी दोन्हीकडे मोजली, तंतोतंत जुळते. १९९३ सालीच जी बांधकाम मार्गदर्शिका निघाली, भारतीय मानक १३८२८, तिच्यात दगडी भिंत ४५ सेंटीमीटरहून जाड नको आणि दर ६० सेंटीमीटर उंचीला, आडव्या अंगानं १.२ मीटरच्या आत, एक आरपार दगड हवा असं सांगितलंय. ८२ सेंटीमीटरच्या या भिंतीसमोर उभं राहून ते वाक्य वाचलं की त्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो.

आता माळवद. थरांचा क्रम खालून वर असा मिळाला: तुळया, त्यावर सरे (तुळयांवरची आडवी लाकडं), त्यावर किलचा दाटीनं, मग पाला, मग चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती गावठाणाच्या पांढरीतली. शेतातली काळी माती उन्हात भेगाळते, म्हणून वरच्या थराला ती चालत नाही. पांढरी माती पावसात बसते आणि पाणी वरून पन्हळीकडे जाऊ देते. दर वर्षी मृगाआधी नवी माती पसरायची, चोपायची. काही वाहून जायची, बाकीची साठत राहायची. माजघरावरच्या साण्याची, म्हणजे उजेडाच्या भोकाची कड नीट साफ करून घेतली तेव्हा हे थर बोटाबोटाच्या जाडीचे वेगळे दिसले.

भूकंपानंतर घरच्यांनी बरीच माती खरडून खाली टाकली. आज थर ३० सेंटीमीटर आहे. पण कठड्याच्या आतल्या बाजूला मातीचा जुना डाग ५८ सेंटीमीटरवर आहे. एक खण ३.६ बाय १.७ मीटर. दाबलेली कोरडी माती घनमीटरला १.६ टन धरली तर पूर्वी एका खणाच्या डोक्यावर साडेपाच टनांहून जास्त भार होता, आता तीन टनांच्या आत आहे. पावसात भिजल्यावर याहून अधिक. नऊ खणांचं घर आहे. हा आकडा मांडल्यापासून मला त्या बाभळीच्या खांबांबद्दल फार आदर वाटतो.

लाकडाची अवस्था खोलीगणिक वेगळी आहे. चुलीवरच्या खणातल्या किलचा धुरानं काळ्या, टणक, टकटक वाजवल्या तर खणखणीत. शेजारच्या खणातल्या, जिथे धूर कमी पोचायचा, तिथे भुंग्यानं पीठ पाडलंय. चूल विझल्यापासून तीस वर्षांवर काळ गेला, तरी धुराचं कवच टिकून आहे. भिंतींचं उलट. जनावरांच्या मुतानं नव्या गोठ्याच्या बाजूच्या भिंतीला दीड फूट उंचीपर्यंत लोणा (खारट क्षार) लागलाय, दगडांमधली माती बोटानं निघते. ढाळजेतल्या मूळ गोठ्यात मात्र हा त्रास जवळजवळ नाही, कारण तिथला उतार आणि नाळ बांधणाऱ्यानं आधीच विचारात घेतलेली. खोलीचा गोठा करताना तेवढं राहून गेलं. नव्या दावणीलाही तशीच नाळ काढता येईल का, यावर घरच्यांशी बोलणं चाललंय आणि त्यांना ते पटलंय.

बळद छोटी, एका खणाची, खिडकी नाही, दार जमिनीपासून कमरेइतकं वर. आत अजून ज्वारीचा वास येतो. मोजायला फार काही नव्हतं.

घर बघायला येणारे लोक हळहळतात, एवढ्या देखण्या वास्तूचा गोठा केला म्हणून. मला ते पटत नाही. याच गल्लीत भूकंपानंतर कुलूप लावलेली घरं होती. त्यांची माळवदं पावसानं गळून, मग खचून, आज मातीचे ढिगारे झालेत. इथे ओसरीत कडबा भरतात. कडबा भिजला तर बुरशी धरते, जनावर तोंड लावत नाही. म्हणून जेठ लागला की हे लोक माळवदावर चढतात, तण उपटतात, भोकं बुजवतात, पन्हळ मोकळी करतात. कडबा वाचवायचा म्हणून माळवद वाचलं, आणि माळवद वाचलं म्हणून खाली ओसरीचे खांब, दिवळ्या, तुळईतली पाळण्याची कडी, जमिनीत बसवलेलं उखळ, सगळं जागेवर मिळालं. म्हशींच्या पायांत असलं तरी आहे.

एक गोष्ट तातडीची. उत्तरेकडच्या भिंतीला ओळंबा लावला तर २.४ मीटर उंचीत पोट ७ सेंटीमीटर बाहेर आलंय. घरच्यांना सांगितलं, त्या बाजूची दोन जनावरं त्यांनी लगेच हलवली. भूकंपरोधक कामाचा अनुभव असलेल्या एका इंजिनिअरला दाखवायचं ठरलंय. तोवर मी त्या भिंतीलगतचं काम थांबवलंय आणि पुढच्या खेपेला फक्त चौकाकडून उभ्या छेदाची मापं घेणार आहे.

तुमच्यापैकी जे जुनी घरं मोजतात, त्यांची खणाच्या रुंदीची मापं हवीत. इथे सगळे खण १.६५ ते १.७५ मीटरच्या आत आहेत. हे हाताच्या मापानं ठरलं असं आपण धरत आलोय. पण सरे बाभळीचे आहेत, आणि सरळ बाभळीचा लांब तुकडा मिळणंच मुश्कील. मला वाटतं, रुंदी झाडानं ठरवली. सागवानी सरे असलेलं माळवद कोणी मोजलं असेल, तर तिथे खण रुंद आहेत का ते बघायचंय. माप खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत घेतलेलं असावं, आणि सऱ्याची जाडीही सोबत लिहा.