आईचे कपाट आवरताना
आज आईचे कपाट आवरायला घेतले आणि तळाशी, नातवंडांच्या लहानपणीचे स्वेटर नीट घडी करून ठेवलेली एक पिशवी सापडली. कोपरांवर तिने केलेले रफू इतके बारीक होते की बोट फिरवल्याशिवाय ते जाणवतही नव्हते. त्यातला पिवळा स्वेटर माझ्या मुलीने लगेच मागून घेतला. आम्हा भावंडांना आईने शिस्तीत वाढवले, तोंडावर कौतुक क्वचितच केले. नातवंडांच्या वाट्याला मात्र तिचा सगळा मोकळा वेळ आला, आणि ते पाहताना मला मनापासून आनंदच होत असे. शेवटच्या आजारपणात ती आमची नावे विसरू लागली, तरी नातीचा हात हातात आला की नखे वाढली आहेत का हे आधी पाहायची, आणि वाढली असली तर मला रागवायची.