अव्होकॅडोची मान पडली

आजचा अख्खा रविवार अव्होकॅडोच्या मागं गेला. 2 वर्षांपूर्वी टूथपिक टोचून ग्लासात बी रुजवलेली, तेव्हा घरात सगळे हसलेले, आता छातीएवढं झालंय आणि चार दिवस पानं मान टाकून बसलीत. मला वाटलं तहानलंय, म्हणून रोज बादलीभर ओततोय, आणि तिथंच घोळ झाला! सांगलीची काळी माती पाणी धरून ठेवते, ह्याच्या मुळ्या उथळ, त्यांना हवा लागते, पाणी साचलं की फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा जंतू मुळ्या कुजवतो आणि झाड वरून तहानल्यासारखंच दिसतं. उकरलं तर बारीक मुळ्या काळ्या पडलेल्या. मग मुरूम-शेणखत मिसळून उंचवटा केला, मातीच्या गोळ्यासकट झाड वर घेतलं, बुंध्यापासून वीतभर सोडून उसाचं पाचट पसरलं (ते आपल्याकडं मागावं लागत नाही), उन्हानं साल भाजू नये म्हणून चुना फासला. आता बोट खुपसून माती सुकलेली लागल्याशिवाय पाणी नाही.

आई म्हणाली, "एवढी सेवा आंब्याची केली असतीस तर लोणचं तरी घातलं असतं." खरंय, बियांच्या झाडाला फळ यायला 7-8 वर्षं सहज जातात, कलम 3-4 वर्षांत धरतं. पण आता उपटवत नाही ओ.