अधार् िकलो

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०च्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या, तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. माझा लॅपटॉप २०१५चा. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, ती याच्यात नाही आणि प्रोसेसरही त्यांच्या यादीत बसत नाही. बाकी गडी ठणठणीत. टाकवेना. शेवटी भाच्याचं ऐकून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली बसवायचं ठरवलं. भाचा न्यू जर्सीत, मी साताऱ्यात, मध्ये व्हिडिओ कॉल.

"मामा, बॅकअप आहे ना सगळ्याचा?"

"आहे की," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. आमच्या घरात बॅकअपला तोटा कधीच नव्हता.

बाबा सरकारी नोकरीतले, कार्बन कागदाच्या काळातले. विजेच्या बिलाची झेरॉक्स काढायचे आणि मूळ बिल हरवलं तर म्हणून त्या झेरॉक्सची आणखी एक. निवृत्तीनंतर घरात संगणक आला आणि त्यांना विंडोज एक्सपीमधला बॅकअपचा प्रोग्राम सापडला. महिन्याच्या पहिल्या रविवारी, आंघोळ आणि पूजा उरकून, ते बॅकअप घ्यायचे. पट्टी पुढे सरकेपर्यंत कुणी संगणकाला हात लावायचा नाही, पंखासुद्धा वाढवायचा नाही. पंख्याचा काय संबंध, हे आम्ही कधी विचारलं नाही.

त्या रविवारांपैकी शेवटचा एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर उरला होता. नोव्हेंबर २००६, साडेतीन जीबीची एकच फाइल, नाव 'बॅकअप', आडनाव 'बीकेएफ'. नव्या लिनक्सला डिस्क लगेच कळली, फाइलही दिसली. डबल क्लिक केल्यावर मात्र त्याने विचारलं, ही कशाने उघडू?

तोवर माझी समजूत अशी होती की बॅकअप म्हणजे कपाटात ठेवलेली दुसरी प्रत. पण ही प्रत नव्हतीच. अगदी दाबून बांधलेलं गाठोडं होतं आणि गाठ मारणाऱ्यालाच ती सुटायची. तो प्रोग्राम एक्सपीनंतरच्या घरगुती विंडोजमध्ये राहिला नाही. व्हिस्टा आणि विंडोज ७साठी जुनी गाठोडी सोडायचं वेगळं हत्यार निघालं होतं. म्हणजे लिनक्सवर यायच्या कितीतरी आधी ते उतरवून घ्यायला हवं होतं. ते आपण घेतलं नाही. आपण डिस्क कपाटातल्या डिंकाच्या लाडवांच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि निर्धास्त झालो.

भाच्याने शोधून काढलं की या गाठोड्याची बांधणी मायक्रोसॉफ्ट टेप फॉरमॅटची आहे. डिस्कवर ठेवलेल्या फाइलला टेपचं नाव का, तर मुळात ही रीत चुंबकीय फितीवर साठवण्यासाठी ठरवलेली. आणि लिनक्सवर ती सोडवायला 'एमटीएफटार' नावाचा छोटासा प्रोग्राम आहे. त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, उतरवून आपल्याच मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे चालण्याजोगा करून घ्यायचा. तो बीकेएफ वाचून त्याची 'टार', म्हणजे फायलींची साधी मोट, करतो आणि टार उलगडणं हे लिनक्सचं रोजचं काम. हे टारसुद्धा टेपवरूनच आलेलं. आमच्याकडे टेप म्हणाल तर भावगीतांच्या कॅसेटी, त्याही बुरशी आलेल्या. पण काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली आणि फायलींची नावं सरसर खाली धावायला लागली. मी उठून पंखा कमी केला.

फायली आल्या. सोसायटीची इतिवृत्तं, माझ्या लग्नाची आमंत्रणयादी (तीत 'यांना नुसता फोन' असा एक वेगळा विभाग), पेन्शनचा पत्रव्यवहार. आणि 'फराळ' नावाची एक फाइल. ताई अमेरिकेला गेली त्या वर्षी बाबांनी आईच्या फराळाची प्रमाणं टाइप करून तिला छापून दिली होती. ताईचे कागद दोन घरबदलांत गहाळ झालेले. दर दिवाळीला त्यावरून तिची हळहळ ठरलेली.

लिब्रेऑफिसने, म्हणजे लिनक्सवरच्या वर्डच्या भावाने, फाइल विनातक्रार उघडली. आत इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, स्वल्पविराम, एखादं पौंडाचं चिन्ह. मांजर कीबोर्डवरून चालून गेल्यासारखं पानभर. वर फॉन्टच्या चौकटीत 'योगेश' असं तिरक्या अक्षरांत नाव. लिब्रेऑफिस नाव तिरकं दाखवतं तेव्हा समजायचं की योगेश घरी नाही.

युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१पासून आहे. एक्सपीतही देवनागरी होती, पण सीडी घालून वेगळी सुरू करावी लागायची आणि तेवढं कुणी सांगितलेलं नसायचं. म्हणून तेव्हाचे बहुतेक लोक फॉन्टवर लिहायचे. त्या फॉन्टची गंमत अशी की फाइलमध्ये मराठी नसतेच. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे किंवा चिन्हांचे क्रमांक असतात, फॉन्ट त्यांच्यावर क, म, वेलांटी, मात्रा अशी सोंगं चढवतो. सोंग उतरलं की आतला माणूस परका. बाबांनी दर महिन्याला 'माय डॉक्युमेंट्स'चा बॅकअप घेतला होता. फॉन्ट राहायचे वेगळ्याच फोल्डरमध्ये. तिथे काही आपलं सामान असेल असं त्यांना वाटायचं कारण नव्हतं.

आजोबांच्या ट्रंकेत लाल रुमालात बांधलेले जमिनीचे कागद होते, सगळे मोडीत. अक्षर सुवाच्य, शाई काळीभोर, आणि घरातल्या तीन पदवीधरांपैकी एकालाही ओळ लागत नव्हती. शेवटी मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना पानावर पैसे देऊन वाचून घेतले. पण मोडीचं वय तरी पाहा. माझा रुमाल अवघा एकोणीस वर्षांचा!

पैसे न घेणारा मोडी-वाचक इंटरनेटवर मिळाला. असे फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर बरेच आहेत. पान चिकटवलं, बटण दाबलं, आणि बाबांची मराठी अडखळत का होईना बोलायला लागली:

'हरभर्याची डाळ अधार् िकलो.'

हसू आलं, पण यातही न्याय आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली. पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते म्हणून आधी, रफार अक्षराच्या डोक्यावर शेवटी देतात म्हणून शेवटी. युनिकोड चालतं उच्चाराच्या क्रमाने. आधी क, मग वेलांटी. आधी अर्धा र, मग ध. कन्व्हर्टरने ही अदलाबदल नीट केली नाही की अर्धा किलोचा अधार् िकलो होतो. आणि हरभऱ्यातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र तर मराठीचा खास लाडका. त्याचा रफार करून टाकणं ही कन्व्हर्टरांची जुनी खोड. दोन संध्याकाळी बसून मी सगळ्या वेलांट्या अक्षरामागे नेऊन बसवल्या.

आता पान लख्ख झालं. भाजणी: तांदूळ एक किलो, हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, उडीद डाळ पाव किलो, धणे, जिरे. इथवर सगळं जगन्मान्य. पुढे चकली: 'भाजणी निळ्या वाटीने चार वाट्या. मोहन लहान पळीने दोन पळ्या, पण आपली ती वाकडी पळी. मीठ नेहमीप्रमाणे.'

निळी वाटी मला आठवत होती. काठाचा एनॅमल उडालेली. ती कधीच मोडीत गेली, तीही स्टीलच्या एका पातेल्याच्या बदल्यात. तिच्यात नेमकं किती मावायचं, हे कुठल्या कन्व्हर्टरला विचारायचं?

आईला विचारलं. ती ब्याऐंशीची, कोथिंबीर निवडत बसलेली. मी सगळं वाचून दाखवलं. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "मी कधी वाटीने घेतलंय? हाताच्या अंदाजानेच की."

"मग हे चार वाट्या वगैरे?"

"ते पाट घेऊन शेजारी बसले होते वही-पेन्सिल घेऊन. सारखं आपलं किती, किती, किती. काहीतरी सांगायलाच हवं होतं त्यांना." तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "मोहन कडकडीत हवं मात्र. ते लिहिलंय का बघ."

लिहिलं होतं. ठळक अक्षरांत, दोनदा.