एलईडीच्या बोटीविरुद्धची तक्रार सुनावणीपर्यंत नेताना

आमची कांडाळीची होडी, म्हणजे पाण्यात उभं राहणारं, मासा अडकणारं जाळं वापरणारी. संध्याकाळी जाळी सोडायची, पहाटे ओढायची. कांडाळीला काळोख लागतो, कारण चांदण्यात बांगड्याला जाळं दिसतं आणि तो बगल देऊन जातो. पंचाईत ही, की एलईडीवाल्यांनाही काळोखच हवा असतो. पौर्णिमेच्या सुमाराला त्यांच्या दिव्यांना जोर नसतो. अमावस्येच्या आगेमागे मात्र समोर दर्यात अख्खं गाव वसल्यासारखा उजेड. जनरेटरवरचे झोत पाण्यावर, काही दिवे पाण्याखाली सोडलेले. तिथलं पाणी हिरवंगार दिसतं, बारीक मासळी उजेडाभोवती गोल फिरायला लागते, तिच्या मागोमाग तारली, बांगडा, म्हाकुल. मासळी पुरेशी जमली की पर्ससीनची बोट येते, वेढा मारते आणि खालची दोरी आवळून जाळ्याचा तळच बंद करते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याचं. त्यापलीकडे केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने कृत्रिम दिव्यांवरची मासेमारी बंद केली. आत राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन एलईडीसाठी ५ लाख ते २० लाख असा दंड ठरला आणि निवाड्याचं काम तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आलं. त्याआधी आमच्यातले लोक तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवत. तिथे महसुलाच्या ढिगात मासळीचं प्रकरण कुठे बुडालं, हे कोणालाच सांगता येत नसे.

तरी अर्ज दिला आणि काम झालं, असं होत नाही. 'रात्री दिवे दिसतात' एवढ्यावर कुणावर कारवाई करणार? बोट कोणती, कुठल्या अक्षांश-रेखांशावर, किती वाजता, दिवे चालू होते की नुसते लावलेले, हे सगळं लागतं. जीपीएसवरची जागा मी लिहून घेतली. फोटो काढले, त्यांत काळ्या चौकोनात एक पांढरा डाग. काकाने मोबाइल हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "ह्यां काय, चंद्राचो फोटो? नंबर खंय हा?" नंबरावर तर त्यांनी ताडपत्रीच टाकलेली.

मग उपाय काढला. पहाटे आमची जाळी ओढून झाल्यावर घरी न जाता, ती बोट मासळी उतरवते त्या जेटीवर जायचं. तिथे ताडपत्री काढावीच लागते. आयएनडी-एमएचपासून सुरू होणारा अख्खा नंबर, डेकवरचा जनरेटर, बाजूला गुंडाळून ठेवलेली केबल, सगळं दिवसाउजेडी टिपलं. रात्रीची नोंद आणि सकाळचे फोटो एकत्र जोडून अर्ज दिला. त्यानंतरच्या काळोखात गस्ती नौकेने तीच बोट दिवे चालू असताना धरली. पंचनामा झाला, मासळीचा लिलाव झाला. ड्रोनची नजर जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर सुरू झाली आहे, पण आमच्या प्रकरणात त्याचं चित्रण नव्हतं. सगळी भिस्त पंचनाम्यावर आणि माझ्या कागदांवर.

सुनावणीत मालकाच्या वकिलांनी आधी बोट १२ मैलांच्या बाहेर होती असा मुद्दा काढला. बाहेर असती तरी केंद्राची बंदी होतीच. प्रश्न एवढाच, की कारवाई कोणी करायची. गस्ती नौकेची नोंद आणि माझा आकडा दोन्ही आतले निघाले. मग ते माझ्याकडे वळले.

"तुमच्या होडीवर फिश फाइंडर आहे?"

"आहे."

"जीपीएस? आउटबोर्ड इंजिन?"

"दोन्ही आहेत."

"म्हणजे यंत्रं तुम्हाला चालतात, माझ्या अशिलाला चालत नाहीत."

प्रश्न बिनतोड वाटतो, आणि खरं सांगायचं तर तो खोटाही नाही. आमच्या आजोबांनी आउटबोर्डलाही नावं ठेवली होती. पण मी एवढंच सांगितलं, की फिश फाइंडर मला मासा कुठे आहे ते दाखवतो, त्याला तिथून हलवत नाही. मी जाळं टाकलं तर लागेल, नाही तर रिकामा येईन, आणि शेजारच्या होडीलाही तेवढीच संधी राहील. दिवा आजूबाजूच्या दर्यातली मासळी एका जागी ओढून आणतो, त्यात वाढ न झालेली पिल्लंही येतात. माझी जाळी त्या रात्री पाण्यातच असतात, फक्त त्यांच्यासमोर मासा नसतो. इंजिन किती घोड्यांचं यावरून भांडण नाहीच. अधिकाऱ्यांनी हे लिहून घेतलं की नाही, ते दिसलं नाही; लेखनिकाचं पेन मात्र चालू होतं.

बोटीवरच्या खलाशांबद्दल मला राग नाही. ते मजुरीवर येतात, दिवे लावायचे की नाही हे त्यांना कोण विचारतं? मालकावरही बँकेचं कर्ज आहे, हे त्याच्या वकिलांनी दोनदा ऐकवलं. कर्ज आमच्या होडीवरही आहे, ते मी बोललो नाही.

आदेश आमच्या बाजूने आला, दंड ५ लाख. मालक अपिलात गेला आहे. अपिलातही तेच आकडे लागणार, म्हणून जीपीएसच्या नोंदींची एक प्रत मी घरी ठेवली आहे, आणि काकाने त्याच कागदावर मागच्या बाजूला डिझेलचा हिशेब मांडला आहे.